सूचक : गोजराबाई कचरू सानप

बारकूअण्णांनी टेबलावरून वाकून हात लांब केला, मीनाच्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि हजेरीच्या वहीवर पालथा ठेवला.

"शूटिंग नको," ते म्हणाले. "भाऊसाहेबांचं सरकारी चालू हाय ना? एका सभेला किती डोळे लागतात?"

पुढच्या खुर्च्यांवरचे दोघेतिघे हसले. मीना हसली नाही, बसलीही नाही.

"मागच्या सभेला पण सरकारी चालूच होतं," ती म्हणाली. "तेच बघायचंय आम्हाला."

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. झेंडावंदन होऊन अर्धा तास झाला होता आणि समाजमंदिराच्या ओट्यावर जिलेबीचे तेलकट कागद अजून उडत होते. आत पुढे पुरुष खुर्च्यांवर, मागे बाया सतरंजीवर. दाराजवळ, उंबऱ्याला लागून, मीनाच्या वरच्या वस्तीची अकरा माणसे उकिडवी बसली होती. डोंगर उतरून यायला त्यांना तास लागला होता. एरवी ती सभेला येत नसत.

टेबलाच्या मधल्या खुर्चीवर सरपंच आशा होती, बारकूअण्णांची सून. तिच्या उजव्या हाताला उपसरपंच म्हणून अण्णा स्वतः. डाव्या हाताला ग्रामसेवक निसार शेख, ज्यांना गाव भाऊसाहेब म्हणे. त्यांच्या आधी जो जो आला त्यालाही गावाने भाऊसाहेबच म्हटले होते. त्यांचा मोबाईल तीन पायांच्या स्टँडवर लावलेला होता. ठरावाच्या वेळचे चित्रण करून वर पाठवायचे, असा आता नियम होता. मोबाईलच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका लुकलुकत होता.

"माहितीचा अर्ज दिलाय ना तू? मग येईल उत्तर," अण्णा म्हणाले. "घाई काय?"

"मंगळवारी पाहणीला साहेब येणार. उत्तर येईस्तवर खाण चालू व्हायची."

मागून, बायांच्या सतरंजीवरून, आवाज आला.

"लावा तो व्हिडिओ."

सगळ्यांनी मागे वळून पाहिले. गोजराबाई खांबाला पाठ लावून बसली होती. सत्तरी गाठलेली, गुडघ्याला फडके बांधलेले, पण आवाज अजून खणखणीत.

"माझं नाव लागलंय त्या ठरावाला," ती म्हणाली. "मी दिलं का नाय दिलं, ते गावाला दिसू द्या."

पंधरा दिवसांपूर्वी मीना ठरावाची झेरॉक्स घेऊन तिच्या ओट्यावर आली होती. चहा नको म्हणाली, बसली नाही. कागद पुढे धरून तिने वाचून दाखवले. ठराव क्रमांक सात. हिवरखोरे गावच्या डोंगराच्या गटात खडीची खाण सुरू करण्यास ग्रामसभेची हरकत नाही. सूचक, श्रीमती गोजराबाई कचरू सानप. सर्वानुमते मंजूर. खाली दोन ऑक्टोबरच्या सभेचा फोटो होता. सगळ्यांचे हात वर, आणि त्यात गोजराबाईचा सगळ्यांत उंच.

त्या गटातच वस्तीचा झिरा होता. उंबराच्या मुळाशी कमरेइतका खड्डा आणि त्यात खडकातून पाझरणारे पाणी. बारा महिने वस्ती त्याच्यावर जगत होती. नळाची पाईपलाईन वरपर्यंत कधी पोचलीच नव्हती. एक सुरुंग उडाला की खडक तडकणार आणि पाणी कुठल्या कुठे जाणार, हे सांगायला कुणी साहेब लागत नव्हता.

"मावशी, तुम्ही मांडलं हे?" मीनाने विचारले होते. "तुम्ही?"

गोजराबाईच्या कपाळाची शीर उडू लागली. हात फोटोला वर केला, ती म्हणाली. सगळ्यांनी केला. भाऊसाहेब हात वर करा म्हणाले की करायचा असतो, त्याशिवाय फोटो निघत नाही. पण नाव तिने दिले नव्हते. तिच्या नावावर कुणीतरी लिहून टाकले होते.

"झिऱ्याची आण," ती म्हणाली होती. "मी नाव दिलं नाय."

मीनाने मग चहा घेतला. गोजराबाई झिऱ्याची खोटी आण घेणार नाही, हे वस्तीतले शेंबडे पोरसुद्धा सांगू शकले असते.

बहात्तर सालच्या दुष्काळात गोजराबाई सोळा वर्षांची होती, नुकती लग्न होऊन आलेली. गावच्या विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या. दिवसभर ती दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि पहाटे अंधारात हंडा घेऊन डोंगर चढायची. वस्तीच्या लोकांनी ठरवले असते तर गावाला माघारी लावता आले असते. पाणी त्यांनाच पुरत नव्हते. पण नवसाबाई, मीनाची सासू, तेव्हा गोजराबाईच्याच वयाची पोर, खड्ड्यात उतरून बसलेली असायची आणि वाटीवाटीने गावच्या बायांचे हंडे भरून द्यायची. एक हंडा भरायला तास लागे. वाटी जर्मनची होती आणि तिचा काठ एका बाजूला चेपलेला होता, त्यामुळे थेंब ओघळून पुन्हा खड्ड्यात पडायचा. "तू बस, खडी फोडून दमली असशील," असे नवसाबाई म्हणायची. गोजराबाई तिथेच उंबराला टेकून झोपून जायची आणि हंडा भरला की नवसाबाई तिच्या पायावर ओला हात ठेवून तिला उठवायची.

नवसाबाई आज दाराजवळच्या अकरा माणसांत बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आवाज येईल तिकडे ती मान वळवत होती.

आण घेताना गोजराबाईच्या मनात शंका नव्हती. उलट तिला राग होता, आणि राग होता तो नावासाठी. ते नाव तिने फुकट कमावलेले नव्हते. पंचाण्णव साली बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि कुणीतरी बाई हवी म्हणून कचरू सानपांची बायको पंच झाली. सभेला तेव्हा कोण बोलावत होते? पुंजाराम शिपाई प्रोसिडिंगची वही घेऊन थेट चुलीपाशी यायचा. ती पिठाचा हात लुगड्याला पुसायची आणि अंगठा द्यायची. पुढच्या वर्षी लेकीच्या पाटीवर गिरवून गिरवून ती सही शिकली. वहीत काय लिहिले आहे हे पुंजारामलाही वाचता येत नसे. पण शाळेच्या दोन खोल्यांचा ठराव तिच्या नावाने गेला आणि खोल्या मंजूर झाल्या. नळाचा गेला, नळ आले. तेव्हापासून गावात बोलणेच पडले, गोजराबाईच्या नावाचा ठराव कधी माघारी येत नाही. पंचकी संपली, नवरा गेला, गुडघे गेले, पण सूचक म्हणून तिचे नाव लावायची रीत राहिली. जुना भाऊसाहेब बदलून जाताना नव्याला शिक्का द्यायचा, कपाटाची किल्ली द्यायचा आणि एवढे सांगून जायचा.

सभेत आपले नाव वाचले जाताना ऐकायला तिला आवडायचे. पूर्ण नाव. घरात तिला आता कुणी नावाने हाक मारत नव्हते.

आज झेंडावंदनानंतर भाऊसाहेब तिच्याजवळ आले होते. हातात जिलेबीचा कागद होता, तो त्यांनी तिच्या हातावर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आजी, मीनाताई व्हिडिओ लावायला सांगणार आहे. तुम्ही आग्रह धरू नका."

"का?"

"तुमच्यासाठीच सांगतो."

ती मोठ्याने हसली होती. माझ्यासाठी, म्हणे. लिहिणारा हा, पोचवणारा हा, आणि भीती माझ्यासाठी. तिने जिलेबी न खाता शेजारच्या मंगलाबाईला देऊन टाकली.

आता बारकूअण्णा सभेला समजावत होते. व्हिडिओ कार्यालयाची चीज असते, असा कुणीही मागितला म्हणून लावत नाहीत. दाराजवळून एक म्हातारा म्हणाला, सभा गावाची, मग तिचा व्हिडिओ कार्यालयाचा कसा? अण्णा म्हणाले, लावायला टीव्ही कुठे आहे? कुणी म्हणाले, शाळेचा आहे, भिंतीपलीकडेच. अण्णा म्हणाले, लाईट जाईल. ट्यूबलाईट डोक्यावर लख्ख जळत होती. पुढच्या खुर्च्यांवरचे दोघे उठून तंबाखू थुंकायला गेले ते परत आले नाहीत. सभा अशीच हळूहळू पातळ होते आणि मग उरलेल्यांकडून पटकन काय ते उरकून घेतात, हे गोजराबाईने तीस वर्षे पाहिले होते. ती खांबाला धरून उभी राहिली.

"भाऊसाहेब," ती म्हणाली. "नियमात बंदी हाय का, गावाला गावाची सभा दाखवायला?"

भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाहिले.

"नाही, आजी. बंदी नाही."

"मग घाबरता कशाला?"

त्यांनी पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले.

"लावा," आशा म्हणाली.

दोन वर्षांत सरपंचबाईंचा आवाज सभेत फारसा कुणी ऐकला नव्हता. अण्णांनी मान वळवून सुनेकडे पाहिले. ती समोरच्या कोऱ्या पानाकडे पाहत होती.

शाळेचा टीव्ही आला. टेबलावर जागा करण्यासाठी वह्या बाजूला सरकवल्या, तसा मीनाचा पालथा मोबाईलही वहीसकट सरकला. भाऊसाहेबांनी कार्यालयाच्या लॅपटॉपची वायर त्याला जोडली. गोजराबाई चालत पुढे गेली आणि टीव्हीच्या समोर, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपुढे, उभी राहिली. कुणीतरी खुर्ची दिली. ती बसली नाही.

आधी आवाज आला, मग चित्र. हेच समाजमंदिर, भिंतीवर गांधीजयंतीचा हार. भाऊसाहेब एका दमात वाचत होते, गट नंबर, क्षेत्र, खाण, हरकत. त्यांच्या आवाजावर बायांच्या कोपऱ्यातली कुजबुज चढत होती. खांबापाशी गोजराबाई होती. मंगलाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून ती सांगत होती, रुईचे पान तव्यावर गरम कर, तेल लाव आणि रातभर बांधून ठेव. एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

मग टीव्हीतले भाऊसाहेब थांबले. मान वर करून मागे पाहत म्हणाले, "गोजराआजी, सूचक म्हणून नाव घेऊ का?"

टीव्हीतल्या गोजराबाईने मानही वळवली नाही.

"घे की," ती म्हणाली. "माझं नाव काय झिजतंय का?"

तिकडे सगळे हसले. "चला, फोटो," कुणी म्हणाले, आणि सगळ्यांत आधी तिचा हात वर गेला.

भाऊसाहेबांनी चित्र थांबवले. हात वरच राहिला.

गोजराबाई पडद्याकडे पाहत होती. ती बाई तीच होती, लुगडेही तेच, आता अंगावर होते तेच. पण ते बोलणे तिला आठवत नव्हते. मेंदूत हात घालून चाचपावे तसे तिने चाचपले. वाटीचा चेपलेला काठ आठवत होता, पुंजारामच्या वहीवर उमटलेला पिठाचा अंगठा आठवत होता, आणि पावणेचार महिन्यांमागचे स्वतःचे वाक्य आठवत नव्हते. इतक्या वेळा ती हेच म्हणाली होती की त्यातली एक वेळ वेगळी काढता येत नव्हती.

"कोण बोललं गं ते?" दाराजवळून नवसाबाईने विचारले. तिला पडदा दिसत नव्हता. "आपली गोजराच ना?"

मीना खाली पाहत राहिली.

"झालं समाधान?" बारकूअण्णा म्हणाले. आवाजात आता मायाच होती. "काकू, तुम्हीच लावा म्हणाल्या. बसा आता, पाय दुखत असतील. भाऊसाहेब, घ्या पुढचा विषय."

भाऊसाहेबांनी वहीचे पान उलटले. पुढचा विषय न वाचता ते म्हणाले, "आयत्या वेळचा विषय कुणाचा असेल तर मांडता येतो."

"माझा हाय," मीना म्हणाली.

तिने पदराच्या गाठीतून घडी घातलेला वहीचा कागद काढला. तो तिने घरूनच लिहून आणलेला होता. आज काही सिद्ध झाले नसते तरी तिला तो मांडायचाच होता, हे कागदाच्या जुन्या घडीवरून कळत होते. भाऊसाहेबांनी कागद घेतला.

"माझं नाव घाल सूचकात," गोजराबाई म्हणाली. आवाज फुटला, म्हणून तिने पुन्हा म्हटले. "भाऊसाहेब, सूचक मी."

"नको, मावशी," मीना म्हणाली. ती रागावून म्हणाली असती तर बरे झाले असते. "सूचक मीच होणार. माझं नाव लिहा."

भाऊसाहेबांनी लिहिले. मीना पुंजा गावित. पेनाचा आवाज ऐकू येत होता.

"अनुमोदक?"

दाराजवळ दोघेतिघे उठू लागले.

"सूचक वस्तीचा, अनुमोदक पण वस्तीचा," बारकूअण्णा म्हणाले. "मग त्याला गावाचा ठराव म्हणतील होय? साहेब हसतील. गावातलं हाय का कुणी?"

त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली. ज्याच्यावरून ती गेली तो तो खाली पाहू लागला. कुणाचा ट्रॅक्टर अण्णांकडे लागलेला होता, कुणाचा मुलगा त्यांच्या डंपरवर होता. एकजण खिशात काहीतरी शोधू लागला आणि शोधतच राहिला. उठलेली वस्तीची माणसे अर्धवट उभी होती.

भाऊसाहेबांनी मान वर केली.

"आजी," ते म्हणाले, "अनुमोदक म्हणून नाव घेऊ का?"

तेच शब्द, तसाच चढलेला शेवट. गोजराबाईचे ओठ आपोआप उघडले. जीभ टाळूला लागलीसुद्धा होती. तिने तोंड मिटले.

"आधी वाच," ती म्हणाली.

"मीनाताईंचाच ठराव आहे, आजी. खाणीला हरकत—"

"वाच. सगळं वाच. भरभर नको."

भाऊसाहेब उभे राहिले आणि त्यांनी कागद वाचला. मीनाने साध्या भाषेत लिहिले होते. उंबराजवळचा झिरा पिण्याच्या पाण्याचा आहे. त्याच्यावर सदतीस घरे आहेत. खाणीला या गावाची हरकत आहे. ऑक्टोबरचा ठराव मागे घ्यावा. वाचून झाल्यावर ते थांबले.

"बहात्तर साली खालचं गाव पण त्याच्यावरच जगलं, ते नाय त्यात," गोजराबाई म्हणाली.

मीनाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. "मला ठाव नव्हतं ते लिहायचं."

"घाल," गोजराबाई भाऊसाहेबांना म्हणाली. "आन् मागच्या ठरावाला नाव मीच दिलं होतं, ऐकून न घेता दिलं होतं, ते बी लिही."

"तसं लिहायची पद्धत नाही, आजी."

गोजराबाई वळली. दोन पावलांवर स्टँड होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिचा श्वास काचेवर जावा. तांबडा ठिपका लुकलुकत होता.

"मग यात राहू दे," ती म्हणाली. "मी आण घेतली ती खोटी होती. नवसा, ऐकलं का? तो माझाच आवाज होता."

दाराजवळ नवसाबाईने मान हलवली. हात पुढे करून तिने हवेत काहीतरी चाचपले, जवळ कुणी झोपलेले असावे तसे, आणि मग तो हात मांडीवर परत घेतला.

"आता लिही माझं नाव," गोजराबाई म्हणाली.

भाऊसाहेबांनी लिहिले. पूर्ण नाव लिहिले, पण या वेळी मोठ्याने वाचले नाही, आणि तिनेही वाच म्हटले नाही. आशाने हजेरीच्या वहीवरचा मोबाईल उचलला, सुलटा केला आणि टेबलावरून मीनाच्या बाजूला सरकवला. अण्णा काही म्हणायला गेले. मीनाने मोबाईल उचलून समोर धरला होता.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," भाऊसाहेब म्हणाले. थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "फोटोसाठी नाही. मोजायचेत."

गोजराबाईने हात वर केला. खांदा दुखत होता, तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. मागे सतरंजीवर बांगड्या वाजल्या, कुठेतरी खुर्ची करकरली, मग पुन्हा काही ऐकू येईना. भाऊसाहेब पेनाच्या टोकाने हवेत मोजत होते, ओठ हलत होते, मध्येच थांबून ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

मागे किती हात आहेत ते तिने वळून पाहिले नाही. समोरून दोन मोबाईलच्या काचा पाहत होत्या.